रस्ता कुठवर न्यायचा

अमेरिकेतल्या राष्ट्रीय वनांमधल्या एखाद्या जुन्या कॅम्पग्राउंडमध्ये गाडी शिरली की रस्ता एकेरी होतो. झाडांमधून वळणं घेत तो एक मोठा फेरा मारतो आणि जिथून सुरू झाला तिथेच परत येतो. या फेऱ्याला थोड्या थोड्या अंतरावर आखूड फाटे फुटलेले असतात. प्रत्येक फाट्यावर एक गाडी उभी राहील एवढीच जागा. फाटा रस्त्याला काटकोनात नसतो, तिरका असतो. त्यामुळे नवख्या चालकालाही गाडी आत घालताना त्रास पडत नाही. दोन्ही अंगांना मोठाले दगड रोवलेले. गाडीतून उतरून चार पावलं टाकली की जाड फळ्यांचं एक टेबल, जागचं हलवता येणार नाही असं. पलीकडे चूल, आणि चुलीच्या पलीकडे तंबूपुरती सपाट जमीन. शेजारचं बिऱ्हाड फार लांब नसतं, पण मधल्या झुडपांमुळे ते दिसत नाही.

मुक्कामाला आलेल्या कुटुंबाला वाटतं, जंगलानेच ही जागा करून दिली. तसं वाटावं म्हणून कुणीतरी बरंच राबलेलं असतं. तो कडेचा दगडच पाहा. जमिनीवर नुसता ठेवलेला दगड परका दिसतो, म्हणून त्याचा साधारण तिसरा हिस्सा जमिनीत पुरलेला असतो. ऊन-पावसाने काळवंडलेली, दगडफुलांचे चट्टे धरलेली बाजू वर येईल अशा बेताने तो बसवलेला असतो. उचलताना साखळीचे ओरखडे पडले तर ते वर्षानुवर्षं पांढरे दिसत राहतात, त्यामुळे त्याला जपून उचलावं लागतं. दोन दगडांमधलं अंतरही मोजून ठेवलेलं असतं: माणूस सहज जाईल, गाडी जाणार नाही.

हे काम लँडस्केप आर्किटेक्टचं. या व्यवसायाचं नाव घेतलं की शहरातल्या बागा, सोसायट्यांची हिरवळ, कारंजी डोळ्यांपुढे येतात. पण अमेरिकेच्या वनखात्यात गेली शंभर वर्षं काही लँडस्केप आर्किटेक्ट वेगळंच काम करत आले आहेत. १५४ राष्ट्रीय वनं आणि काही गवताळ प्रदेश मिळून सुमारे १९ कोटी ३० लाख एकर सार्वजनिक जमीन या खात्याकडे आहे. तिथून लाकूड निघतं, तिथे गुरं चरतात, शहरांचं पाणी तिथून येतं, आणि त्याच जमिनीवर तंबू ठोकायला, मासे धरायला, नुसतं झाडाखाली पडून राहायला लोक येतात. या लोकांसाठी जागा शोधायची, आखायची, आणि कुठे जागा करायचीच नाही हेही ठरवायचं, असं हे काम. त्यातला दुसरा भाग पहिल्यापेक्षा अवघड आहे आणि त्याचं श्रेय जवळजवळ कुणालाच मिळत नाही. न झालेला रस्ता कोणाला दाखवणार?

त्या एकेरी फेऱ्याची कल्पना मात्र कुणा आर्किटेक्टची नव्हती. ती एका वनस्पतिरोगतज्ज्ञाची. कॅलिफोर्नियात काम करणाऱ्या ई. पी. माइनेके यांना १९२०च्या दशकात विचारणा झाली, की हजारो वर्षं उभी असलेली प्रचंड रेडवूड झाडं पर्यटकांच्या गर्दीच्या जागीच का खंगू लागली आहेत. बुरशी, कीड असं काही सापडेल अशी अपेक्षा होती. माइनेके यांनी बोट ठेवलं ते बुटांवर आणि टायरांवर.

झाडाची जाड मुळं त्याला उभं धरतात, पण त्याला पाणी पाजतात ती वरच्या थरातली केसांसारखी बारीक मुळं. त्यांना पाणी हवं तशी हवाही हवी, आणि दोन्ही मिळतात ती मातीच्या कणांमधल्या पोकळ्यांतून. एकाच जागी माणसं चालत राहिली, गाड्या मागे-पुढे होत राहिल्या, की पोकळ्या दबतात. पाऊस पडला तरी मुरत नाही, वरून वाहून जातो. झाड लगेच मरत नाही, आणि सगळा घोटाळा इथेच आहे. ते आणखी काही वर्षं हिरवं राहतं आणि बघणाऱ्याला वाटतं, सगळं ठीक आहे. दरम्यान खालची झुडपं गेलेली असतात, नवी रोपं तगत नाहीत. मग लोकांना ती जागा उजाड वाटू लागते. ते गाडी पुढच्या हिरव्या तुकड्यात घालतात आणि तिथे पुन्हा तेच होतं. एकाही माणसाच्या मनात नासधूस नसते. प्रत्येकाने फक्त झाडाच्या जवळात जवळ गाडी लावलेली असते.

रेडवूड उद्यानांबद्दलचा माइनेके यांचा अहवाल १९२८चा. १९३२ साली त्यांनी कॅम्पग्राउंड कसं आखावं याचं धोरण लिहून दिलं. गाडी एका ठरलेल्या फाट्यावरच थांबेल. टेबल आणि चूल पक्की असेल, म्हणजे गाडी ते टेबल, टेबल ते चूल, चूल ते तंबू या माणसाच्या फेऱ्या रोज त्याच वाटेने होतील. तेवढी पट्टी तुडवली जाईल हे मान्यच करायचं. मधली सगळी जमीन मात्र वाचेल. पुढच्याच वर्षी, १९३३ साली, महामंदीत बेकार झालेल्या तरुणांसाठी सिव्हिलियन कॉन्झर्व्हेशन कोअर ही योजना सुरू झाली. कुदळ-फावडं घेतलेले हजारो हात वनखात्याला मिळाले आणि देशभर याच पद्धतीने कॅम्पग्राउंड बांधली गेली. आजही नव्या कॅम्पग्राउंडचा नकाशा उघडला तर त्यात तोच फेरा आणि तेच तिरके फाटे दिसतात.

साताऱ्याजवळच्या कास पठारावर जाऊन आलेल्या माणसाला ही गोष्ट वेगळी समजावून सांगावी लागणार नाही. जांभ्याच्या सड्यावर मातीचा थर इतका पातळ, की एका वाटेवरून ओळीने माणसं गेली तरी तिथली सीतेची आसवं ही फुलं पुढच्या वर्षी दिसत नाहीत. पश्चिम घाटाबरोबर जागतिक वारसा यादीत २०१२ साली कासचं नाव आलं आणि गर्दी लोटली. कुंपण घातलं गेलं, रोजच्या पर्यटकांवर मर्यादा आली. पुढे कुंपणामुळे गुरांचं चरणं थांबलं आणि त्यामुळे फुलंच कमी होत आहेत असा आक्षेप आला, तेव्हा ते कुंपण काढावं लागलं. माणसाला अडवायला घातलेली जाळी आणखी कोणाकोणाला अडवते, हे आधी पाहावं लागतं. माइनेके यांच्या आखणीचं मोठेपण इथे आहे. तिच्यात कुणाला अडवण्यापेक्षा नीट बसवण्यावर भर आहे. चांगली जागा दिली की माणूस सहसा तिथेच बसतो.

पण कॅम्पग्राउंड कुठे करायचं हा प्रश्न त्याच्याही आधीचा.

पहिल्या महायुद्धाच्या सुमारास मोटारी स्वस्त झाल्या आणि राष्ट्रीय वनांत माणसं येऊ लागली. ओढ्याकाठी उघड्यावर घाण होऊ लागली, विझवायच्या राहून गेलेल्या शेकोट्यांतून वणवे लागू लागले. तोवर वनाधिकारी म्हणजे लाकूड, चराई आणि आग यांचा जाणकार. या पाहुण्यांचं काय करायचं हे त्याला कुणी शिकवलेलं नव्हतं. १९१७ साली खात्याने मॅसॅच्युसेट्सच्या कृषी महाविद्यालयातले लँडस्केपचे प्राध्यापक फ्रँक वॉ यांना देशभर हिंडून पाहायला सांगितलं. विरंगुळा हाही लाकडाइतकाच जंगलाचा खरा उपयोग आहे, आणि त्यासाठी शिकलेली माणसं खात्यात नेमली पाहिजेत, असं वॉ यांनी आपल्या अहवालात मांडलं.

नेमलेल्या माणसाचं नाव आर्थर कारहार्ट. आयोवामधून १९१६ साली पदवी, मग सैन्यातली नोकरी, आणि मार्च १९१९मध्ये वनखात्याच्या डेन्व्हर कार्यालयात रुजू. वय २६. हुद्दा रिक्रिएशन इंजिनिअर.

त्याच उन्हाळ्यात त्यांना कोलोरॅडोतल्या व्हाइट रिव्हर राष्ट्रीय वनात पाठवण्यात आलं. साडेनऊ हजार फुटांहून जास्त उंचीवर ट्रॅपर्स लेक नावाचं सुमारे ३०० एकरांचं तळं आहे. मागे लाव्हाच्या थरांचे उभे कडे, काठापर्यंत उतरलेलं स्प्रूसचं रान, पाण्यात तिथलाच मूळचा ट्राउट मासा. १९१५च्या कायद्यामुळे राष्ट्रीय वनातली पाच एकरांपर्यंतची जमीन ३० वर्षांपर्यंतच्या भाडेपट्ट्याने उन्हाळी घरांसाठी देता येत होती. कारहार्ट यांनी तळ्याभोवती रस्ता आखायचा आणि काठाने घरांचे प्लॉट पाडायचे, असा हुकूम होता.

त्या मुक्कामात पॉल रेनी आणि विल्यम मॅकफॅडन हे दोन श्रीमंत शिकारी त्यांना भेटले. त्यांनी या तरुण इंजिनिअरशी वाद घातला: हे तळं जसं आहे तसं राहू द्यायला काय हरकत आहे? कारहार्ट दिवसा मोजणी करत आणि तो प्रश्न ऐकून घेत. त्यांनी काम अर्धवट टाकलं नाही. रस्त्याची आखणी केली, प्लॉट मोजले, नकाशा पुरा केला, आणि डेन्व्हरला परतल्यावर वरिष्ठांना सांगितलं, की यातलं काहीही बांधू नये.

या प्रसंगाचं महत्त्व त्या पुऱ्या केलेल्या नकाशात आहे. तळं सुंदर आहे, त्याला हात लावू नका, असं म्हणणं सोपं असतं. ते शिकारीही म्हणत होते. कारहार्ट यांच्याकडे मोजणी होती. रस्ता कुठून जाईल, कोणत्या वळणावर पाणी दिसेल, किती घरं बसतील, आणि ती बसल्यावर काठ कुणाचा राहील, हे त्यांना आकड्यांत दिसलं होतं. काठावर घरं झाली की तळ्याचा देखावा घरवाल्यांचा, आणि उरलेल्या देशाने लोकांच्या परसातून पाणी बघायचं. सार्वजनिक जमिनीचा सगळ्यात सुंदर कडेचा पट्टा थोड्या लोकांना देता कामा नये, हा त्यांचा मुद्दा होता आणि तो आराखड्यातून सिद्ध झालेला होता. कार्ल स्टाल या त्यांच्या वरिष्ठाने तो मानला. एखाद्या खात्याने स्वतःच काढलेला हुकूम हाताखालच्या नव्या माणसाच्या सांगण्यावरून बाजूला ठेवणं ही लहान गोष्ट नाही. स्टाल यांचं नाव कारहार्ट यांच्या बरोबरीने घेतलं पाहिजे.

६ डिसेंबर १९१९ रोजी आल्डो लिओपोल्ड डेन्व्हरला येऊन कारहार्ट यांना भेटले. ते तेव्हा नैर्ऋत्येकडच्या विभागात वनाधिकारी होते आणि त्यांच्या डोक्यात असाच विचार घोळत होता. चार दिवसांनी कारहार्ट यांनी झालेलं बोलणं एका टिपणात उतरवून त्यांना दिलं. जंगलात माणसाने किती बांधत जायचं, आणि बांधकाम पूर्ण थांबावं अशी एखादी निश्चित सीमा असते की नाही, असा प्रश्न त्या टिपणात विचारलेला आहे. १९२४ साली न्यू मेक्सिकोत लिओपोल्ड यांच्या खटपटीने गिलाचं रान राखलं गेलं. १९६४ साली अमेरिकेचा वाइल्डरनेस, म्हणजे बांधकामाविना राखायच्या रानांचा, कायदा झाला. ट्रॅपर्स लेकच्या भोवतालचा मुलूख १९७५पासून फ्लॅट टॉप्स वाइल्डरनेस म्हणून राखलेला आहे.

एवढ्यावर ही गोष्ट आटोपती घेतली तर ती अपुरी राहील. कारहार्ट यांना अस्पर्श वाटलेला तो मुलूख यूट लोकांचा होता. ते तिथे शिकार करत, मोसमाप्रमाणे वर-खाली फिरत. १८७९ साली व्हाइट रिव्हर एजन्सी या त्यांच्यासाठीच्या सरकारी ठाण्यावर संघर्ष झाला आणि १८८१पर्यंत तिथल्या यूटांना युटाहमध्ये हाकलण्यात आलं. त्यानंतर अवघ्या दहा वर्षांनी, १८९१ साली, तो प्रदेश सरकारी राखीव वन म्हणून जाहीर झाला. म्हणजे आर्किटेक्टच्या नकाशावर कोरी दिसणारी जागा तशी करून घेतलेली होती. सार्वजनिक जंगलात आखणी करणाऱ्याने माती आणि उतार वाचावेत तसा हा इतिहासही वाचला पाहिजे. आज एखादी नवी पायवाट आखण्याआधी तिथल्या आदिवासी राष्ट्रांशी सल्लामसलत करणं आणि पुरातत्त्वाची पाहणी करणं कायद्यानेच आवश्यक आहे. हे शहाणपण उशिरा आलं. आलं, ते महत्त्वाचं.

कारहार्ट बांधकामाच्या विरुद्ध होते असा समज होण्याचा संभव आहे. तसं नव्हतं. १९१९ सालीच ते कोलोरॅडोतल्याच सॅन इझाबेल वनात प्वेब्लो शहरातल्या कामगार कुटुंबांसाठी कॅम्पग्राउंड आखत होते. शहराबाहेर घर परवडत नाही अशा माणसाला रविवारी मुलाबाळांना घेऊन जाता येईल अशी जागा हवी, यासाठी त्यांनी जिवाचं रान केलं. खात्याकडे पैसे नव्हते, म्हणून प्वेब्लोच्या नागरिकांनी संस्था काढून वर्गणी जमवली. त्यातून स्क्विरल क्रीकच्या घळीत चुली, निवारे, शौचालयं झाली. वनखात्याच्या पहिल्यावहिल्या नियोजित कॅम्पग्राउंडमध्ये त्याची गणना होते. पण सरकारी पैसा पुढेही येईना. १९२२च्या अखेरीस कारहार्ट यांनी राजीनामा दिला.

स्क्विरल क्रीकचा शेवटही सांगायला हवा. १९४७ साली घळीत पूर आला आणि रस्त्यासकट बरंच काही वाहून गेलं.

माणसाला पाण्याजवळ बसायला आवडतं आणि आर्किटेक्टला त्याची आवड पुरवायची असते. डोंगराळ मुलखात सपाट जागा बहुधा ओढ्याकाठीच मिळते. ती सपाट असते, कारण पुराच्या पाण्यानेच ती गाळ टाकून सपाट केलेली असते. ११ जून २०१०च्या पहाटे आर्कान्सामधल्या वॉशिटा राष्ट्रीय वनात लिटल मिझुरी नदीच्या काठी अल्बर्ट पाइक या ठिकाणी लोक तंबूंत आणि गाड्यांत झोपलेले होते. रात्रीच्या पावसाने काही तासांत नदी तीन फुटांवरून २३ फुटांच्या वर गेली. दरी अरुंद, काळोख, मोबाइलला रेंज नाही. २० माणसं बुडाली, त्यांत मुलं होती. सगळ्यात जास्त हानी झालेला कॅम्पचा फेरा पूरक्षेत्रात होता. त्यानंतर तिथला रात्रीचा मुक्काम बंद झाला.

वनात काम करणाऱ्या आर्किटेक्टने हे ठिकाण विसरू नये. नकाशावर एक फेरा काढायला पेन्सिलीला फार वेळ लागत नाही. त्या फेऱ्यात पुढली पन्नास वर्षं अनोळखी माणसं विश्वासाने झोपणार असतात. शंभर वर्षांत एकदा येणाऱ्या पुराची रेषा नकाशावर काढली जाते, तेव्हा तिच्या अलीकडे झाडं कितीही देखणी असोत, तिथे तंबूची जागा द्यायची नाही. दिवसा बसायला टेबलं द्यावीत, मुक्काम वर उंचावर न्यावा. लोक कुरकुरतील, पाणी लांब पडतं म्हणतील. तरीही.

शौचालयाबद्दल कुणी ललित लिहीत नाही, पण कॅम्पग्राउंडवरचा सगळ्यात अवघड निर्णय त्याचाच असतो. जंगलात गटारं नसतात. जमिनीत गळणार नाही अशी बंद टाकी, तिच्यावर खोली, आणि भरली की उपसायला येणारा टँकर, अशी व्यवस्था करावी लागते. पूर्वी दुर्गंधीमुळे लोक आत जायचे नाहीत आणि झाडाआड बसायचे. तिथून घाण ओढ्यात जायची. १९९०च्या सुमारास कॅलिफोर्नियातल्या सॅन डिमास इथल्या वनखात्याच्या तंत्रज्ञान केंद्राने या एका गोष्टीचा नेटाने अभ्यास केला. सापडलेला उपाय साधा होता. टाकीतून छपराच्या बराच वर जाणारा, फूटभर व्यासाचा एक काळा नळ काढायचा. तो उन्हाच्या बाजूला ठेवायचा. ऊन पडलं की नळ तापतो, आतली हवा हलकी होऊन वर निघते आणि टाकीतली हवा ओढून नेते. तिची जागा घ्यायला बाहेरची ताजी हवा झडपांतून खोलीत येते आणि बैठकीच्या भोकातून खाली जाते. हवा सतत खालच्या दिशेने वाहत राहिली, तर वास वर येतच नाही. वीज लागत नाही, पंखा लागत नाही.

पण मग जागा? आर्किटेक्टचा हात आपोआप शौचालय झाडांच्या गर्द सावलीत लपवायला जातो. तिथे नळावर ऊन पडत नाही, वारा अडतो, आणि सगळी युक्ती फसते. उघड्यावर ठेवावं तर रस्त्यावरून पहिल्यांदा तेच दिसतं. म्हणून जागेवर उभं राहून वाऱ्याची दिशा पाहायची, झाडांच्या सावल्या कुठवर येतात ते पाहायचं, दरवाजा कॅम्पकडे उघडणार नाही असा वळवायचा, पुढे दोन-तीन झुडपं अशी राखायची की नजर अडेल पण वारा अडणार नाही. टँकर वळायला जागा ठेवायची. एवढं सगळं जमलं की कुणाच्या काही लक्षात येत नाही. लोक हात धुऊन पुन्हा टेबलाकडे जातात. या व्यवसायातली कारागिरी ओळखायची असेल, तर अशा ठिकाणी ओळखावी.

कॅम्पग्राउंडच्या बाहेर, समोरच्या डोंगरावरही या लोकांची नजर असते. १९६०च्या दशकात डोंगरउतारांवरची झाडं चौकोनी पट्ट्यांत सरसकट तोडली जायची आणि रस्त्यावरून जाणाऱ्याला ते टक्कल मैलोगणती दिसायचं. लोक चिडले. आवडी-निवडीला मोजमाप कसं लावायचं हा प्रश्न होता. बर्कलीचे प्राध्यापक बर्टन लिटन यांनी १९६८ साली जंगलाचा देखावा कसा नोंदवावा याची पद्धत मांडली: पाहणारा कुठे उभा आहे, तो किती वेळ पाहतो, दृश्य जवळचं आहे, मधल्या अंतराचं की दूरचं. तिच्या आधारे १९७४ साली वनखात्याने देखाव्याच्या व्यवस्थापनाची पद्धतच घालून दिली. तोड करायची असेल तर तिची कड डोंगराच्या रेषेला धरून वळवा, माथ्यावरची झाडं राखा, असं सांगणारा लँडस्केप आर्किटेक्ट आता लाकूडवाल्यांच्या बैठकीत बसू लागला.

सार्वजनिक जंगल म्हणताना त्यातली जनता कोण, याचं उत्तर मात्र कोणत्याही मोजमापातून येत नाही. व्हर्जिनियात क्लिफ्टन फोर्ज गावाजवळ डाउथॅट नावाचं सुरेख सरकारी उद्यान १९३६ साली खुलं झालं, पण गोऱ्यांसाठी. गावातल्या कृष्णवर्णीय नागरिकांनी, एनएएसीपी या नागरी हक्कांच्या संघटनेच्या तिथल्या शाखेने, आम्हांलाही अशी जागा हवी म्हणून मागणी लावून धरली. त्यातून जॉर्ज वॉशिंग्टन राष्ट्रीय वनात ग्रीन पाश्चर्स उभं राहिलं. तळं, पोहायचा किनारा, निवारे, टेबलं, चुली. १९४० साली ते खुलं झालं आणि दूरदूरच्या शहरांतून कृष्णवर्णीय कुटुंबं तिथे येऊ लागली. तिथल्या दगडकामात काही उणं नव्हतं. ते वेगळं बांधावं लागलं, हेच मोठं उणं होतं. १९५०मध्ये ते सर्वांसाठी खुलं करण्यात आलं. पुढे त्याचं नाव बदललं गेलं होतं; अलीकडच्या काळात जुनं नाव पुन्हा देण्यात आलं. आपल्या आजी-आजोबांनी जिथे पोहणं शिकून घेतलं त्या जागेचं नाव परत मिळणं, ही माणसांच्या दृष्टीने मोठी गोष्ट आहे.

त्याच प्रश्नाचा आजचा चेहरा चाकाच्या खुर्चीचा आहे. २००६ साली वनखात्याने उघड्यावरच्या जागा आणि पायवाटा अपंग व्यक्तींना वापरता येतील अशा कशा आखायच्या याचे नियम लागू केले. खुर्चीला उभं राहायला ३० इंच बाय ४८ इंच मोकळी जागा हवी, टेबलाचा माथा एका टोकाला पुढे काढायला हवा म्हणजे गुडघे खाली जातील, वाट घट्ट आणि पक्की हवी. डांबर ओतायची गरज नसते. बारीक खडी नीट दाबून बसवली तरी चाक रुतत नाही. अशा वाटेवरून मग बाळाची गाडी ढकलणारी आईही जाते आणि गुडघे दुखणारे आजोबाही जातात. कोपऱ्यातलं एखादं टेबल असं करून भागत नाही. नदी जिथून सगळ्यात छान दिसते, ते टेबल असं असलं पाहिजे.

कुठे थांबायचं या प्रश्नासाठी पुन्हा कारहार्ट यांच्याकडे यावं लागतं. राजीनाम्याच्या आधीच्या वर्षी, १९२१मध्ये, ते मिनेसोटाच्या सुपीरियर वनात होडीतून हिंडले होते. कॅनडाच्या हद्दीलगत तळ्यांना तळी लागलेला तो प्रदेश. तिथे रस्ते नकोत, पाणी हेच रस्ते असू द्यावेत, असा त्यांचा आराखडा होता. १९२६ साली त्या वनाचा मोठा भाग रस्त्यांविना ठेवायचं धोरण ठरलं, आणि १९६४ व १९७८च्या कायद्यांनी बाउंडरी वॉटर्सचं सुमारे ११ लाख एकरांचं रान पक्कं राखलं गेलं. आज तिथे परवाना घेऊन जावं लागतं. एका गटात नऊपेक्षा जास्त माणसं चालत नाहीत. मुक्काम ठरलेल्या जागांवरच करायचा, आणि त्या प्रत्येक जागी खात्याने बसवलेल्या दोन वस्तू असतात: आगीसाठी पोलादी जाळीची चूल आणि आत झाडीत एक शौचकूप. त्याला भिंतीही नसतात.

शौचकूपाचा खड्डा काही वर्षांनी भरतो आणि नवा खणावा लागतो. राखीव रानात यंत्र चालत नाही, म्हणून कर्मचारी होडीतून फावडी घेऊन येतात. तिथला खडक फार जुना आणि वर माती जेमतेम वीतभर. पाण्यापासून लांब हवं, पण रात्री लहान मूल जाऊ शकेल इतकं जवळही हवं. तळ्यातून दिसता कामा नये, आणि माती खोल हवी. एका मुक्कामाच्या जागी अशा ठिकाणांची संख्या फार नसते. एक वापरून झालं की दुसरं शोधायचं, मग तिसरं. आणि शोधूनही सापडलं नाही, तर तो मुक्काम नकाशावरून काढून टाकायचा, चुलीची जाळी उचलून होडीत घालायची, आणि ती जागा झुडपांना परत करायची, हा निर्णय त्या पथकाला घ्यावा लागतो.